दुखण्याची रेघ

साळूबाईचं बोट पुठ्ठ्यावरच्या काळ्या रेघेवरून सरकत निघालं आणि मध्यावर येऊन थांबलं. मागे उभी असलेली तिची सून रखमा त्या बोटाकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता बोट मागे फिरेल, निदान नखभर तरी डावीकडे जाईल. ते हललं नाही.

"इथंच?" डॉक्टर गद्र्यांनी विचारलं.

"हितंच."

"मागच्या खेपेलाही इथंच होतं."

"मग तसंच हाय म्हणायचं."

डॉक्टर गद्रे मुंबईच्या मोठ्या इस्पितळातले. एका गुरुवाराआड ते महाडच्या धर्मादाय दवाखान्यात येत आणि सांधे धरलेल्या माणसांना तपासत. दुखणं मोजता येतं, आणि मोजलं तरच औषधाने ते किती उतरलं हे कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तो पुठ्ठा. डावं टोक म्हणजे काहीच दुखत नाही, उजवं टोक म्हणजे याच्यापुढे दुखणं नाही. ज्याने त्याने आपलं बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी साळूबाईने विचारलं होतं, "याच्याम्होरं दुखणं नाय, म्हंजे त्यात बाळंतपण धरायचं काय?" बाकड्यावरच्या बायका हसल्या होत्या. डॉक्टरही हसून म्हणाले होते, "धरा की." मग तिने बोट मध्यावर ठेवलं, ते आजही तिथंच होतं.

मग रबराची पिशवी आली. ती मुठीत दाबली की काचेच्या नळीत पारा चढायचा. साळूबाईचा पारा जरासा हलला आणि बसला. मग डॉक्टरांनी तिच्या बोटांची पेरं एकेक करून दाबली. दाबताना ते हाताकडे बघत नसत, तोंडाकडे बघत. साळूबाईचं तोंड सारवलेल्या भुईसारखं सपाट.

"गोळ्यांनी कानात आवाज येतो?"

"येतो. रातकिडं वरडल्यावाणी."

डॉक्टर काही वेळ तिचे हात हातात धरून बसले. बोटं अंगठ्यापासून लांब, करंगळीच्या बाजूला कलायला लागली होती. "पुढच्या खेपेला ठरवू," ते म्हणाले, बोलताना रखमाकडे वळले. "गोळ्यांनी उतार पडला तर गोळ्याच चालू ठेवू. नाही पडला, तर दुसरी इंजेक्शनं आहेत. सोन्यापासून केलेली. दर आठवड्याला इथं यायचं, लघवी तपासायची आणि टोचून घ्यायचं. चार-सहा महिने तरी. पण उशीर नको. सांधे एकदा वाकडे झाले, की मग कशानेच सरळ होत नाहीत."

"सोनं?" साळूबाई म्हणाली. "अंगावर कवा पडलं नाय, ते अंगात घालणार होय?"

बाहेर पडताना रखमाच्या डोक्यात एवढंच राहिलं: दर आठवड्याला. चार-सहा महिने.

---

कोंडाजी दिवाळीला गावी, कापड्यात आला होता. तो रखमाच्या नवऱ्याचा, सयाजीचा चुलत भाऊ, दोघं मुंबईला भांडुपच्या एकाच कंपनीत. भात झोडून झालं तशी एका संध्याकाळी तो ओटीवर येऊन बसला.

"वयनी, खोली भेटली," तो म्हणाला. "चाळीत हाय, पन कुनाची भागी नाय. नळ दारात. सयाजी बोल्ला, येताना घेऊनच ये. पुढल्या शुक्रवारी मी निघतोय."

रखमाने हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या लग्नाला चौथं वर्ष लागलं होतं. सयाजी गणपतीला येई, शिमग्याला येई, आणि आल्या पावली परतायची गाडी धरी. इतकी वर्षं तो गावातल्या दहा-पंधरा गड्यांच्या गाळ्यात पथारी टाकत होता, तिथं बायको कुठून न्यायची. पाणवठ्यावर बायका रखमाच्या पोटाकडे बघत आणि नजर वळवत. त्यात दुष्टावा नसे, पण बघत.

"आन् आत्याबाई?" तिने हळूच विचारलं.

"काकीचं काय? जरा हात आखडतात, येवढंच ना? तोबी तसंच बोलत हुता."

आतून साळूबाईचा आवाज आला. "व्हय, तेवढंच. आन् शेजारी बनू हाय की. जाऊ दे तिला."

त्या दिवसापासून रखमाच्या पायाला भिंगरी लागली. झाडलेलं अंगण ती पुन्हा झाडी. पाण्याला गेली की कळशी भरून ठेवून, उगीच चढ चढून रस्त्यापर्यंत जाई आणि महाबळेश्वरकडून येणारी एस.टी. वळणावर दिसते का बघत उभी राही. गाडी आली की धूळ उडवून निघून जाई, आणि ही परत खाली येई. रात्री निर्गुडीचा पाला उकळून ती सासूचे हात शेकायला बसे. पेरांवरून गरम फडकं फिरवताना मनात म्हणे, उतर, उतर बाबा. मग तिच्या ध्यानात येई की आपण हे सासूसाठी म्हणत नाही आहोत. तिचा हात तिथंच थांबे.

"काय झालं गो?"

"काय नाय. पानी गार झालं."

चार दिवसांनी पहाटे तिला चुलीच्या उजेडाने जाग आली. साळूबाई परातीपुढे बसली होती. "पड जरा," ती म्हणाली. "आज हात मोकळं वाटतायत. गोळी लागू पडली वाटतं."

रखमा अंथरुणात उठून बसली. तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती. गेल्या पावसाळ्यानंतर या घरात सासूने केलेली ती पहिली भाकरी. रखमाला इतकं हलकं वाटलं की ती तशीच उठून गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि बनुबाईच्या दारात जाऊन सांगून आली. दुपारपर्यंत तिने पेटीत लुगडी घातली होती.

संध्याकाळी सकाळची उरलेली भाकरी तिने पानात घेतली. तुकडा मोडायला म्हणून हात घातला आणि थबकली. तांदळाची भाकरी पाण्याच्या हाताने थापतात, तिच्यावर बोटांच्या ओळी उमटतात. रखमाची आई थापी, ती स्वतः थापी, त्या सगळ्या भाकऱ्यांवर त्या असत. या भाकरीवर एकही बोट उमटलेलं नव्हतं. कडा जाड होत्या, आणि मध्ये दोन खोलगट गोल. मनगटाजवळच्या तळव्याने दाबून दाबून ती पसरलेली होती.

तिने वर पाहिलं. साळूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. दोन्ही हात पदराखाली.

रखमाने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा ती कूस बदलून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मागून परातीचा आवाज येत होता. थाप नव्हे, घासटल्यासारखा. मध्येच तो थांबे, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. रखमाने डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. उद्या बोलू, असं ती रोज ठरवी. आणि रोज पेटीत आणखी काहीतरी भरी.

---

गुरुवारी दवाखान्यात गर्दी होती. साळूबाईचा नंबर आला तशी ती सरळ जाऊन बसली आणि डॉक्टरांनी पुठ्ठा पुढे करताच तिने बोट ठेवलं. डाव्या टोकाजवळ, रेघ जिथं सुरू होते तिथं.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "एवढा उतार?"

"तुमच्या हाताला गुण हाय."

डॉक्टरांनी पिशवी दिली. साळूबाईने ती दोन्ही हातांत घ्यायला पाहिली. त्यांनी एक हात बाजूला केला. तिने दाबली. तिच्या मानेची शीर ताठ झाली, खालचा ओठ दातांखाली गेला. पारा मागच्या वेळेइतकाच हलला, आणि बसला.

डॉक्टरांनी पाऱ्याकडे पाहिलं, मग पुठ्ठ्याकडे. "दुखणं गेलं, मग जोर का नाही?"

"वय झालं माजं."

"घरी काम करतात का या?" त्यांनी रखमाला विचारलं.

साळूबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या गालाजवळ काहीतरी थरथरत होतं. पेटी भरलेली होती. दारातला नळ तिने इतक्यांदा मनात पाहिला होता की त्याचा आवाज तिला ऐकू यायचा.

"करतात," ती म्हणाली. "पहाटं उठून भाकऱ्या करतात."

ते खोटं नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली. "मग गोळ्याच चालू ठेवा," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर ऊन चढलं होतं. साळूबाई एकाएकी बोलकी झाली. बाजारातून जाताना कासाराच्या दुकानाशी थांबली. "बस हितं. मुंबैला जायचंस, हात भरून जा. हिरव्या घे."

रखमा बसली. कासाराने तिचा हात हातात घेतला आणि सफाईने चुडा चढवायला सुरुवात केली. डावा हात भरला. त्याने उजवा हात मागितला, तेव्हा तिचं लक्ष सासूकडे गेलं. साळूबाई पाठमोरी झाली होती. कमरेची चंची काढून ती तिची नाडी सोडवू बघत होती. बोटं नाडीवर नुसतीच घसरत होती. तिने चंची दोन मनगटांत धरली, तोंडाजवळ नेली आणि नाडीचं टोक दातांनी ओढलं. गाठ सुटेना. तिने पुन्हा ओढलं. रस्त्याने जाणारा एक माणूस तिच्याकडे बघत गेला. तशी तिने भिंतीकडे तोंड केलं आणि डोकं आणखी खाली घातलं.

रखमाने कासाराच्या हातातून हात सोडवून घेतला.

"अहो बाई, हा राहिला," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे." तिने आपल्याजवळचे पैसे त्याच्यापुढे ठेवले आणि सासूचा दंड धरला. "चला आत्याबाई."

"स्टँड तिकडं हाय."

"दवाखान्यात चला."

साळूबाई जागची हलली नाही. "कशाला? झालं की तिथलं."

"मी पयल्या दिवशीच वळखलं. भाकरीवर बोटं नव्हती."

साळूबाई चंची पदराखाली सारत म्हणाली, "मग वळखून गप ऱ्हायलीस ना? तशीच गप ऱ्हा. उद्या गाडीत बस, चार दिसांत इसरशील."

"आन् हात वाकडं झाल्यावर?"

"माजं झालं, तर झालं." तिने इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माजा दादला मुंबैला, आन् मी हितं. सासू आंधळी. तिला सोडून जायचं कसं? मी बोल्लं, ती गेल्यावर जाईन. ती म्हातारी सुखानं लय जगली, माजी तक्रार नाय. पन ती गेली त्या साली तो छातीचं दुखणं घेऊनच परत आला. एक पावसाळा आमी संगट काढला, रखमा. एक. सयाजीचे वडील म्हंजे कसं मानूस, ते मला कुनी इचारलं तर सांगता यायचं नाय. तुजं तसं नगं."

रखमाला राग आला. कोणाचा, ते तिला समजेना. सासूचा, तिथं नसलेल्या नवऱ्याचा, की सगळं कळून आठवडाभर पांघरुणात पडून राहणाऱ्या स्वतःचा. रस्त्यात उभं राहून रडायला तिला लाज वाटत होती, म्हणून ती जोराने चालायला लागली. सासूचा दंड तिने सोडला नाही. साळूबाई दोन पावलं ओढल्यासारखी आली. मग आपणहून चालू लागली.

डॉक्टर हात धूत होते. बाहेर त्यांच्या जीपमध्ये सामान चढवलं जात होतं.

"डॉक्टरसाहेब," रखमा म्हणाली, "मगाशी मी अर्धंच सांगितलं. भाकऱ्या करतात, पन तळव्यानं. बोटं चालत नायत. इंजेक्शन द्या त्यांना."

डॉक्टर टॉवेलने हात पुसत दोघींकडे बघत राहिले. चिडले नाहीत. "पाऱ्यावरून मला शंका आलीच होती," ते म्हणाले. "आपण मोठी चूक करत होतो. पण बाई, दुखणं ज्याचं त्याने सांगायचं असतं. सुनेच्या सांगण्यावरून मी औषध बदलायचं, आणि यांना ते नकोच असेल तर? पुढच्या आठवड्यापासून या यायच्याच नाहीत." त्यांनी बॅगेतून पुठ्ठा काढला, मेजावर ठेवला आणि खुर्ची ओढून साळूबाईच्या समोर बसले. "घाई नाही. सावकाश दाखवा."

साळूबाई उभीच होती. तिने रखमाकडे पाहिलं. रखमाने नजर वळवली नाही.

बोट रेघेवर टेकलं. मध्य आला आणि मागे पडला. ते सरकत राहिलं. वाकडं, पेराशी फुगलेलं ते बोट उजव्या टोकाशी पोचलं, तिथं थांबलं नाही. पुठ्ठ्याची कड ओलांडून ते मेजाच्या लाकडावर उतरलं आणि तिथं टेकून राहिलं.

डॉक्टरांनी बराच वेळ त्या बोटाकडे पाहिलं. "केव्हापासून?"

"पयल्यापासून."

"मग पहिल्या दिवशी मध्यावर का ठेवलंत?"

"समद्यांच्या देखत कसं सांगनार? सून पाठीशी उभी हुती." साळूबाई खुर्चीवर बसली. "आन् सांगून कुनी वाटून घेतंय होय."

डॉक्टरांनी जीपवाल्याला थांबायला सांगितलं. लघवी तपासली, अंगावर कुठं पुरळ नाही ना ते पाहिलं, आणि पहिलं इंजेक्शन अगदी थोडंसं, अंगाला मानवतं का ते बघायला, स्वतःच दिलं. गुण यायला शिमगा उजाडेल, कदाचित त्याहून उशीर, आणि येईलच अशी खात्री देत नाही, हेही त्यांनी सांगितलं. तोवर गोळ्या चालू. तोंड आलं किंवा अंगाला खाज सुटली, तर पुढची सुई घ्यायची नाही.

महाडहून पोलादपूरपर्यंत रखमा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. डाव्या हातातल्या बांगड्या गाडीच्या धक्क्याने किणकिणत होत्या. तिने पदर हातावर घेतला, तरी त्या वाजतच राहिल्या.

पोलादपूरच्या स्टँडवर कोंडाजी उभा होता. दुसऱ्या दिवशीच्या मुंबईच्या गाडीची चौकशी करायला तो आला होता. दोघींना उतरताना पाहून लगबगीने पुढे आला.

"वयनी, सकाळचीच गाडी हाय. कोंबड्याला उठा म्हंजे झालं."

रखमाने तोंड उघडलं. पण तिच्या आधी साळूबाई बोलली. "कोंड्या, सयाजीला एक निरोप हाय."

"बोल की काकी."

"म्हनावं, आयचं दोन्ही हात गेलं. गुढगं जायला लागलं. राती कूस बदलायची तर जीव जातो."

कोंडाजी तिच्याकडे बघतच राहिला. "काकी, तू तर कवा बोल्ली नायस."

"नाय बोल्ली. म्हनावं, दर गुरुवारी म्हाडला सुया हायत. रजा काढून ये, आन् आयला कसं न्यायचं, कसं आनायचं ते शिकून घे. मग त्याची बायको तिकडं जाईल, का तो हितं ऱ्हाईल, का बनू नेईल, ते बसून ठरवू. पन आधी तू ये म्हनावं."

"त्याला रजा कुठली देतात, काकी? सणालाच मारामार."

"मागून तर बघू दे. आजवर त्याला मागायला मीच लावलं नाय."

कोंडाजीने टोपी काढून डोकं खाजवलं आणि रखमाकडे वळला. "आन् वयनी, तुमी?"

रखमाने स्टँडच्या पलीकडे पाहिलं. मुंबईकडे जाणारा रस्ता तिथून सरळ दिसत होता. एक ट्रक गेला, त्यामागून दुसरा. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"पेटी भरलेली हाय म्हनून सांगा," ती म्हणाली. "ती उचलायला त्यांनी यावं. म्हनावं, लवकर यावं."

कापड्याकडे जाणारी गाडी लागली. रखमाने खालून रेटा दिला, वरून एका बाप्याने दंडाला धरलं आणि साळूबाई कशीबशी आत चढली. दाराजवळच्याच बाकावर दोघी बसल्या. गाडी सुटली, स्टँडसमोरच्या खड्ड्यात आदळली, आणि साळूबाई मोठ्याने कण्हली. पुढचा खड्डा आला तशी पुन्हा, मघापेक्षा मोठ्याने. इतक्या वर्षांत रखमाने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. गाडीतली माणसं वळून बघायला लागली.

पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवून रखमाला विचारलं, "काय होतंय गो तुझ्या सासूला?"

रखमा सांगायला पुढे झुकली. पण साळूबाईने दोन्ही हात पदराबाहेर काढून त्या बाईपुढे धरले होते आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली होती.